दुसरीतला मुलगा, सेरेब्रल पाल्सी आणि दिवसभर व्हरांड्यात बसणारी आई

दोनशिक्षकी

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीच्या शाळेवर आहे. पाटण तालुक्यातला डोंगरी भाग, पट २८, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. बदली होऊन जूनमध्ये इथे आले.

दुसरीत एक मुलगा आहे. इथे त्याला बंटी म्हणते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं; दिव्यांग प्रमाणपत्रावर ८० टक्के. चालत नाही, मान नीट धरत नाही. हात सारखे वळवळत असतात, काही धरायला गेला की हात भलतीकडेच जातो. बोलतो ते मला कळत नाही, आईला कळतं. पहिलीत तो नुसता पटावर होता असं दिसतंय, कारण वहीत पानंच्या पानं भरलेली आहेत आणि अक्षर आईचं आहे.

आई रोज त्याला कडेवर घेऊन येते. सात वर्षांचा झालाय, वजन काही कमी नाही. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत बाई व्हरांड्यात बसून असते. मी आत बोलावलं तर म्हणते, "नको, बाकीच्या पोरांचं लक्ष जातं." घरी जा म्हटलं तर जातही नाही.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी. बंटी फळ्याकडे बघतच नाही, मान खाली. मला वाटलं, याला काही कळत नसावं. पण परवा एका मुलाने "पाच आणि तीन नऊ" असं ठणकावून सांगितलं, तर सगळ्यांच्या आधी बंटी खदाखदा हसला. मग बाकीच्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. घंटा झाली की मात्र अंगावर वीज पडावी तसा दचकतो आणि पुढची काही मिनिटं हातपाय ताठ.

आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख म्हणतात, "मॅडम, गृहाधारित शिक्षणात दाखवा, कशाला ताण घेता?" माझं मन होत नाही. पण दोन वर्ग एका खोलीत घेऊन याला काय शिकवू, कसं बसवू, आणि त्या माउलीचं काय करू? आमच्या तालुक्यातल्या विशेष शिक्षकांना फोन केलाय, पण त्यांच्यामागे शाळांची रांग आहे, कधी येतील सांगता येत नाही. कुणी असं मूल वर्गात सांभाळलंय का?

घाटमाथा

ताई, खरं बोलू का? मीही झेडपीचाच. वाचन-गणिताच्या निपुण चाचण्या, मतदार यादीचं बीएलओचं काम, वर पोषण आहाराचे हिशेब. यात अशा मुलाला न्याय देता येत नाही, हे कबूल करायला कुणी तयार नसतं. जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष शाळा असेल, तिथे थेरपिस्ट असतात, त्याच्यासारखी मुलं असतात. तिथे घालणं त्याच्याच हिताचं. राग मानू नका.

फिरतीचा मास्तर

ताई, सविस्तर लिहितो. मी सोलापूर जिल्ह्यात समावेशित शिक्षणाचा, म्हणजे साध्या शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठीचा, विशेष शिक्षक आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रावर, कंत्राटी. मोटारसायकलवर शाळा आणि घरं फिरायची, हेच काम.

आईला आधी एक विचारा. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात बाळाला जोराची कावीळ झाली होती का? निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्त बदललं, असं काही? तुमच्या वर्णनावरून मला तशी शंका येतेय. नवजात बाळाची कावीळ हाताबाहेर गेली की बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं ते पिवळं द्रव्य, मेंदूत शिरतं आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या आतल्या भागाला इजा करतं. त्यातून जी सेरेब्रल पाल्सी होते तिच्यात ही अशी वळवळ असते. डॉक्टर ॲथेटॉइड किंवा डिस्कायनेटिक असं लिहितात, जुने कागद चाळून बघा. अशा मुलांची बुद्धी बऱ्याचदा शाबूत असते, पण ती दाखवायला ना हात साथ देतात ना जीभ. मग बघणारा ठरवून टाकतो की याला काही कळत नाही.

कावीळ झाली असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. एक, नजर. यातल्या बऱ्याच मुलांना डोळे वर नेताच येत नाहीत. तुमचा फळा खाली बसलेल्या पोराच्या नजरेच्या पार वर. तो बघत नाही असं तुम्हाला वाटतं, पण त्याला बघता येत नसेल. समोर बसा, एक रंगीत झाकण त्याच्या डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू वर न्या. डोळे मध्येच अडकून मान मागे टाकायला लागला तर समजा. मग त्याच्यासाठी फळा म्हणजे समोरच्या टेबलावरची पाटी. नजरेच्या रेषेत किंवा तिच्या खाली.

दुसरी, कान. या काविळीत ऐकण्याच्या नसेला मार बसू शकतो. आवाज कळतो पण शब्द फाटके येतात, गोंगाटात तर जास्तच. पाच आणि तीन नऊ ऐकून हसला म्हणजे काहीतरी नक्की पोचतंय, पण किती, ते कळायला हवं. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे न्यायला सांगा आणि 'बेरा' तपासणी मागा, आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते तिच्यात कळतं. नुसती ओएई ही कानाची साधी तपासणी करून "कान चांगले आहेत" म्हणून परत पाठवतील, ते धरू नका. ओएई कानाच्या आतल्या पेशींपर्यंतच बघते, पुढच्या नसेचं तिला कळत नाही. जाताना यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, जवळ ठेवायला सांगा, एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहे.

आता बसवण्याचं. याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. मांडीवर, सतरंजीवर, भिंतीला टेकून बसवलेलं हे मूल आपली सगळी ताकद न पडण्यात घालवतं. शिकायला उरतं काय? गावातल्या सुताराकडून हातांची लाकडी खुर्ची करून घ्या. ढुंगण पाठीला चिकटलेलं, गुडघे काटकोनात, पाय फळीवर टेकलेले, लोंबकळते नकोत. पट्टा जांघेच्या घडीवरून, पोटावरून नाही. टेबल कोपराच्या उंचीचं आणि त्याच्या बाजूला अर्धचंद्र कापलेला, म्हणजे तो आत शिरून बसेल. आणि टेबलावर एक उभी खुंटी, त्याच्या मुठीत मावेल एवढ्या जाडीची. हे मी आवर्जून सांगतो. एका हाताने ती घट्ट धरली की दुसऱ्या हाताची, मानेची, अख्ख्या अंगाची वळवळ पुष्कळ कमी होते. पहिल्यांदा बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही.

वर्गात त्याला मधोमध बसवा, फळ्याकडे सरळ तोंड करून. कडेला बसवून बाजूने बोललात की तो मान वळवणार, आणि मान ज्या बाजूला वळते त्या बाजूचा हात आपोआप ताठ होऊन सुटतो, बऱ्याच जणांचं असं होतं. बोलायचं ते समोर येऊन, त्याच्या उंचीला वाकून. घंटेचं कामही सोपं आहे. घंटेआधी शेजारच्या मुलाने "बंटी, घंटा" म्हणायचं. दचकणं पूर्ण जाणार नाही, पण कमी होतं.

मग हो आणि नाही. खूप जण शिकवतात की हो म्हणजे वर बघ. याला ते जमणार नसेल तर नादी लागू नका. डोळे घट्ट मिटणं, जीभ काढणं, खुंटी दाबणं, जे त्याला खात्रीने करता येतं ते हो. आईला विचारा, तिच्यापाशी एखादी खूण आधीच ठरलेली असेल. ती अख्ख्या वर्गाला शिकवा.

प्रश्न विचारायला दोन कार्डं घ्या, एकमेकांपासून हातभर अंतरावर धरा, आणि तो कुठे बघतो ते बघा. सुरुवात त्याला नक्की येणाऱ्या गोष्टीने करा. गाय कुठली, कुत्रा कुठला. बरोबर उत्तराची बाजू बदलत राहा, नाहीतर तो एकाच बाजूला बघतोय की विचार करून बघतोय हे कळणार नाही. आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपण शिक्षक लोक तीन सेकंद थांबतो आणि उत्तर स्वतःच देऊन मोकळे होतो. ते जमलं की शब्दकार्डं, मग बेरजेची उत्तरं, मग पाटीच्या चार कोपऱ्यांत चार पर्याय. वेगळा अभ्यास काढत बसू नका. दुसरीचाच धडा, दुसरीचंच गणित, फक्त उत्तर डोळ्यांनी.

हातात पेन्सिल धरून गिरवून घेणं बंद करा. ती भरलेली वही साहेबांसाठी असते. तपासणीत विचारलं तर सांगा, याची वही म्हणजे ही कार्डं, आणि समोर करून दाखवा.

आईचं. ती का बसते हे तिला विचारलंत का? अभ्यासासाठी बसत नसावी. माझ्या फिरतीत बहुतेक आया शू-शीसाठी बसलेल्या असतात. शाळेत दिव्यांगांसाठीचं शौचालय असेल, रॅम्पसकट. त्याचं दार उघडून आत काय आहे बघा आणि इथे लिहा.

घाटमाथा, राग नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम ३१, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती त्याच्या घरची. तुमची-माझी नाही, केंद्रप्रमुखांची तर नाहीच. आणि जिल्ह्याला शाळा म्हणजे सात वर्षांचं पोर वसतिगृहात. ज्याचं बोललेलं आईशिवाय कुणाला कळत नाही ते.

दोनशिक्षकी

सर, काय सांगू. कावीळ: होय. आई म्हणाली, चौथ्या दिवशी पिवळाधमक पडला, मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत दूध ओढायचा थांबला होता, तिथे रक्त बदललं. हे तिला आजवर शाळेत कुणी विचारलंच नव्हतं. बेरा झालेली नाही. पुढच्या महिन्यात साताऱ्याला नेतो म्हणालेत.

झाकणाचा प्रयोग केला. डोळे भुवईच्याही खालीच अडकले आणि मान मागे गेली, अगदी तुम्ही लिहिलं तसं. गाय-कुत्र्यावर तो एकदाही चुकला नाही. शब्दकार्डांवर गोंधळतो, पण 'आई' आणि 'आजी' वेगळे ओळखतो. बेरजा मात्र दहाच्या आतल्या चटाचट येतात. हे त्याला शिकवलं कुणी? आई म्हणते, आजोबांबरोबर दूध डेअरीच्या मापाला बसतो.

शौचालय. दार आत उघडतं आणि आतल्या पोत्यांमुळे निम्मंच उघडतं. पोषण आहाराची रिकामी पोती, जुनी शेगडी, मोडकी तराजू. भारतीय पद्धतीचं भांडं. म्हणजे रॅम्प चढून कुठे जायचं, तर भंगारात. आई त्याला मागच्या बांधावर नेते. पावसात काय करत असेल देव जाणे.

लेकीची आई

मी शिक्षिका नाही. इचलकरंजीकडची. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, मोठी झाली आता, दहावी लेखनिक घेऊन दिली, तासाला २० मिनिटं जादा मिळाली. तिच्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात मीही बसलेली आहे, म्हणून लिहिते.

मॅडम, त्या बाईला "घरी जा" म्हणू नका. तिला ते "आता तुझं इथे काम नाही" असं ऐकू येतं. ती घरी गेली आणि याला ठसका लागला तर? हे तिच्या डोक्यात सतत चालू असतं, तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी. आमच्या बाईंनी युक्ती केली होती. परिपाठ झाला की मला म्हणायच्या, "जरा दुकानातून खडू आणता का?" मग हळूहळू काम लांबचं झालं. एक दिवस मला कळलं की मधल्या सुट्टीपर्यंत मी शेजारणीकडे गप्पा मारत बसलेय.

दुसरं, मदतनीस भत्ता. मला एकीने घाबरवलं होतं की शाळेत बसली नाहीस तर भत्ता बंद होईल. त्या बाईच्याही मनात असेल, तोंडाने बोलणार नाही. मास्तर, यावर तुम्ही सांगा.

तिसरं, घरच्यांचं. आमच्यात सासूबाई म्हणायच्या, "हिला काय, शाळेत सावलीत बसायचं." भातलावणीला बाकीच्या बायका मजुरीला जातात आणि ही व्हरांड्यात. त्या मजुरीचं नुकसान कुणी मोजत नाही, उलट तिलाच आळशी ठरवतात. तिच्या सासूला एकदा शाळेत बोलवा आणि नातू बेरजा कशा करतो ते डोळ्यांनी दाखवा. नवऱ्यापेक्षा सासूला आधी. माझा अनुभव आहे.

आणि खिचडी. तिला विचारा कशी भरवते. मी कितीतरी दिवस मांडीवर आडवं घेऊन, मान मागे करून पाणी ओतायचे. गावात सगळ्याच तशा भरवतात. थेरपिस्ट बाईंनी दाखवलं, तोवर लेकीला सारखा खोकला आणि छातीत कफ.

फिरतीचा मास्तर

लेकीची आई, भत्त्याचं बरं काढलंत. तो मुलाला शाळेत आणण्या-नेण्यासाठी आहे, दिवसभर बसण्यासाठी नाही. हजेरी मुलाची लागते, आईची नाही. ताई, हे तिला चारचौघांत नको, एकटीला सांगा. पैसे उशिरा येतात, तेही सांगून ठेवा.

भरवण्याबद्दल त्या म्हणतात ते शंभर टक्के. मान मागे गेली की अन्न श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. खुर्ची आली की खिचडी खुर्चीतच, सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने समोर आणि खालच्या बाजूला बसायचं, उभं राहून नाही, नाहीतर तो वर बघायला मान टाकणार. छोटा चपटा चमचा, आणि गिळल्याशिवाय दुसरा घास नाही. वर्गमित्रांना भरवायला देऊ नका. पोरं हौसेने पुढे येतात, पण हे काम मोठ्याचं. खिचडीवाल्या मावशींना आईकडूनच शिकवून घ्या, त्यांचा हात बसला की आईचा एक खिळा सुटला.

शौचालयाचं वाचून हसू की रडू कळेना, आमच्याकडेही हीच कथा. दार बाहेर उघडणारं करून घ्या, खुर्ची आत जायला मोकळी जागा ९० सेंटिमीटर हवी. भांडं फोडायची गरज नाही, त्यावर बसणारी कमोड खुर्ची ठेवता येते. भिंतीला दोन्ही बाजूंनी आडवे पाइप. खर्च शाळा अनुदानातून बसला तर बसवा, नाहीतर ग्रामपंचायतीला पत्र द्या. स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, बऱ्याच ग्रामपंचायती ते दिवाळीला भांडी वाटून संपवतात. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, ठरावाची प्रत जोडा, आवक क्रमांक घ्या. पोती मात्र आजच काढा, त्याला ठराव लागत नाही.

आणखी एक. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा सेरेब्रल पाल्सीला लागू आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. साताऱ्याला जातील तेव्हा फॉर्म कुठे भरतात ते शीघ्र हस्तक्षेप केंद्रातच विचारू द्या.

घाटमाथा

मास्तर, मुद्दा पटला, अर्धा. आमच्या वर्गाची सोय बघायला कुणी मोटारसायकलवर येत नाही, हे मात्र राहिलंच.

फिरतीचा मास्तर

ते खरंय. विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक असावं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय. माझ्या वाट्याची मुलं मोजली तर तुम्हीच मला चहा पाजाल.

दोनशिक्षकी

पोती निघाली. शेगडी सरांनी स्वतः उचलली. आजी येऊन गेल्या, नातवाने सात आणि दोनला नऊच्या कार्डाकडे बघितलं तर म्हणाल्या, "हे मला माहितीच होतं." आईने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

आई आता परिपाठानंतर डेअरीत कॅन धुवायला जाते, तिथून शाळा दिसते म्हणून. मी काही बोलले नाही, तिनेच ठरवलं.

सुतार सोमवारी येतोय. सर, खुंटी टेबलाच्या मधोमध घ्यायची की एका बाजूला? आणि टेबल खुर्चीला जोडून की वेगळं?

फिरतीचा मास्तर

वेगळं. जोडलेलं असलं की खुर्चीत बसवताना आईच्या कमरेचा बळी. खुंटी, तो कमी वळवळणारा हात कुठला ते आधी बघा, त्या बाजूला, खांद्याच्या सरळ रेषेत, काठापासून वीतभर आत. पक्की ठोकू नका. सुताराला दोन-तीन भोकं पाडून ठेवायला सांगा, म्हणजे हात लांबला की खुंटी पुढे सरकवता येईल. पायाखालची फळीही तशीच, वरखाली करता येणारी. कडा कानशीने घासून घ्यायला विसरू नका, हाताचा फटका जोरात बसतो त्याचा.